एकोणिसावा गडी

१

शनिवारी सकाळी पावणेदहाला जयपुरात गोपालपुऱ्याच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माणसं कानाला हेडफोन लावून ऑस्ट्रेलियातल्या खेड्यापाड्यांतली फुटबॉलची झटापट मोजत बसतात, हे विनयाने मिरजेत सांगितलं तर कुणाला पटत नसे. कुणी किती किका मारल्या, किती झेल घेतले, चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला, एवढंच काम. लंबगोल मैदान, चार डाव, एका बाजूला अठरा गडी, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. आठ दिवसांत कुणालाही शिकवता येतं, असं विनया म्हणायची, आणि सात वर्षांत तिने बऱ्याच जणांना शिकवलंही होतं. फ्लोअरवर सगळे तिला कॅप्टन म्हणत.

एकच सामना दोन खोल्यांत दोघांनी मोजायचा, मधे बोलायचं नाही, ही इथली रीत. नंतर दोघांचे आकडे ताडून बघायचे. शंभरात चार-पाच चुका निघाल्या तर काम चोख. एकही निघाली नाही, तर कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलंय.

दोन खोल्यांमधल्या भिंतीवर योगायोगांच्या चिठ्ठ्या लावायची पद्धत विनयानेच पाडली होती. एकाच शनिवारी तीन वेगळ्या गावांत तिन्ही सामने त्र्याहत्तर-बाहत्तर. सतरा नंबरच्या गड्याने शेवटच्या डावाच्या सतराव्या मिनिटाला संघाचा सतरावा गोल केला. जुळे भाऊ विरुद्ध संघांत, दोघांच्याही तेवीस किका. नवी पोरं अशा चिठ्ठ्या वाचून डोळे मोठे करत, तेव्हा विनया, जी संख्याशास्त्राची एम.एस्सी. होती, त्यांना झापायची. "वर्षाला हजारभर सामने मोजता. इतक्यात असं काही घडलं नाही, तरच नवल."

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. पण उगाच नसायचा, एवढं तिच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं.

२

मे महिन्यात तिने आपल्या मावसभावाला, श्रेयसला, मिरजेहून इथे आणलं. परीक्षा दोनदा हुकलेली, घरात कुणाशी बोलत नाही, दिवसभर खोलीत. विनया सुट्टीला गेली, तिने ते पाहिलं आणि त्याची बॅग भरली. "इथे कुजण्यापेक्षा चल माझ्याबरोबर. मी आहे ना." प्रताप नगरातल्या तिच्या फ्लॅटमधली मागची खोली त्याला दिली. चोविशीचा, सावकाश बोलणारा. जाड भिंगांचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसून उजेडाकडे धरून बघायची त्याची सवय होती. आठवड्यात तो हसायला लागला. दुसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटायला लागला. गोल नव्हत्या, पण विनयाने त्या मिटक्या मारत खाल्ल्या.

ऑफिसने मात्र त्याचे हाल केले. फ्लोअरवर खुर्च्या अठरा होत्या, त्याला पँट्रीतली प्लास्टिकची खुर्ची मिळाली. "खुर्ची येतेय," असं दोन महिने ऐकवलं. ओळखपत्र नाही, तर तोवर ताईच्याच आयडीवर काम कर म्हणाले. चहाचे कप अठराच यायचे. रोज. विनया रोज चहा आणणाऱ्या भंवरलालजींवर करवादायची आणि ते रोज कानाची पाळी धरून म्हणायचे, "गिनके लाया था, मॅडम." रोज ती आपला कप श्रेयसला द्यायची.

"राहू दे ना ताई," तो म्हणायचा. "मला सवय आहे."

"सवय लावून घेऊ नकोस. या लोकांना मवाळ माणूस दिसला की त्याची पायपुसणी करतात."

मावशीचीही तिला चीड यायची. रत्नप्रभामावशी दर रविवारी फोन करायची, पाऊस, गुडघे, शेजारच्यांचं लग्न, सगळं सांगायची आणि शेवटी विचारायची, "एकटीच जेवतेस का गं?" पोटच्या पोराचं नाव नाही. दोघांचं काहीतरी बिनसलंय हे विनयाला कळत होतं, पण आईने इतकं दगड व्हावं? दोनदा तिने फोन श्रेयसच्या हातात कोंबला. तो "आई" म्हणाला, थोडा वेळ कानाला धरून थांबला आणि "रेंज नाही," म्हणून परत दिला.

३

जुलैच्या पहिल्या शनिवारी श्रेयसने तिला हळूच हात करून बोलावलं. पडद्यावर तिकडचं हिवाळ्यातलं करडं आकाश, ओलं गवत, मैदानाभोवती गोल उभ्या केलेल्या मोटारी. त्या खेड्यांत गोल झाला की लोक मोटारीत बसूनच हॉर्न वाजवतात, हेडफोनमधून ते सगळे कानात घुसतात.

"हा एक्केचाळीस नंबर यादीत नाही, ताई."

मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, सीमेच्या पांढऱ्या रेषेपासून थोडा आत, एक गडी पाठमोरा उभा होता. सगळे पळत होते, हा उभा. तिसऱ्या डावाच्या चौदाव्या मिनिटाला एक उंच किक त्याच्याकडे गेली. त्याने हात वर केले आणि चेंडू छातीशी धरला. हॉर्न थांबले. कॅमेरा हलला, आणि पुढच्या क्षणी पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून खेळ नव्याने सुरू करत होता.

"एक झेल," श्रेयस म्हणाला. "नंतर किक नाही, हाताने पास नाही. मग चेंडू गेला कुठे?"

विनयाने चित्र मागे नेलं, पुढे नेलं. हिशेब जमेना. झेल घेतलेल्या माणसाला चेंडू कुणाला तरी द्यावाच लागतो, तो खिशात घालून घरी नेता येत नाही. "बदली गडी असेल. यादी करणारा झोपला असेल. मोज आणि पुढे जा."

"मागच्या शनिवारीही होता. दुसऱ्या गावात. दुसऱ्या संघाचा शर्ट होता, नंबर हाच. एक झेल, तिसरा डाव, चौदावं मिनिट." श्रेयसने चष्मा पुसला. "ताई, तो खेळायला आलेला नाही. तो कशाची तरी वाट बघतोय."

"चिठ्ठी लिही आणि भिंतीवर लाव," विनया म्हणाली. पण त्याने लिहिलेली चिठ्ठी तिने स्वतःच टाचणी न लावता ड्रॉवरमध्ये टाकली.

४

दुसऱ्या खोलीत तोच सामना कीर्तीने मोजला होता. विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याची मुलगी, जन्म जयपूरचा, मराठी अडखळत. तिच्याही आकड्यांत एक्केचाळीस नंबर होता. एक झेल, बाकी शून्य. सेकंदही तोच.

सोमवारी ऑफिसचे मॅनेजर नंदकिशोर सरांनी विनयाला केबिनमध्ये बोलावलं. मूळ अकोल्याचे, वीस वर्षं जयपुरात. मैदान काय, त्यांनी फ्लोअरसुद्धा कधी नीट पाहिला नव्हता, उंटावरून शेळ्या हाकायचे.

"मतलब, हे काय आहे?" त्यांनी कागद पुढे सरकवला. "चार सामने. जो गडी यादीतच नाही, त्याची तुझ्या आयडीवरची नोंद आणि कीर्तीची नोंद सेम टू सेम. शंभरात शून्य चूक. कॉपी आहे ही."

"ती आयडी माझी आहे, काम श्रेयसचं आहे. आणि तो गडी फिल्ममध्ये आहे, सर. तुम्ही बघा तरी."

"मला फिल्म बघायची गरज नाही. मला आयडी दिसते. आणि फ्लोअरवर जास्तीचं माणूस बसवायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. मला अठराच मंजूर आहेत. येत्या शनिवारनंतर मला तिथे जास्तीचं कुणी नको."

"जास्तीचं?" विनयाचा आवाज चढला. "तुम्हीच नाही का त्याला मेमध्ये घेतलंत? दोन महिने राबतोय तो. ओळखपत्र दिलं नाहीत, खुर्ची दिली नाहीत, आणि आता चोर ठरवून हाकलताय?"

नंदकिशोर सरांनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला. विनयाला तो निव्वळ उर्मटपणा वाटला. केबिनचं दार तिने असं आपटलं की खाली कोचिंग क्लासमधला माइकवरचा मास्तर क्षणभर गप्प झाला.

श्रेयस मिरजेला परत गेला तर पुन्हा त्या खोलीत जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

५

त्या आठवड्यात तिने चारही सामने स्वतः मोजले. दार लावून, कुणाशी न बोलता. एक्केचाळीस नंबर चारही ठिकाणी होता. मग हट्टाने ती मागे गेली. मागच्या वर्षीचे सामने, त्यामागच्या वर्षीचे. तिथे तो नव्हता. एप्रिलमध्ये नव्हता. मेच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे श्रेयस पहिल्यांदा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला त्या दिवशी, पहिल्यांदा होता.

योगायोग, तिने स्वतःला बजावलं. कुठल्यातरी शनिवारी तो पहिल्यांदा दिसणारच. एखादा वेडसर माणूस असेल, गावोगाव फिरून मैदानात घुसत असेल. आणि मिनिट? आणि चेंडू? तिने वहीत शक्यतांची आकडेमोड मांडली, अर्धं पान भरलं, आणि पेन्सिल इतकी दाबली गेली की टोक मोडलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तिने वहीत लिहिली नाही. पहिल्या सामन्यात तो पार पलीकडच्या रेषेवर होता. दर सामन्यात पाच-सात पावलं कॅमेऱ्याकडे आला होता. चालताना मात्र कुठेच दिसत नव्हता, आणि तोंड पलीकडेच होतं.

शुक्रवारी जेवताना तिने श्रेयसला सांगितलं. "उद्या मी गणती मागणार आहे."

तो नियम ती सगळ्या नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायची, कारण तो ऐकून पोरं हसायची. समोरच्या संघाने एक गडी जास्त घुसवलाय असा संशय आला, तर कर्णधार हात वर करून गणती मागतो. पंच खेळ थांबवतात, सगळ्यांना ओळीत उभं करून मोजतात. एकोणिसावा निघाला, तर त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसून शून्य. जुन्या वळणाच्या गावांतून अजून तोच नियम चालतो.

"माझ्या खोलीतलं कुणी त्या खोलीत गेलं नव्हतं आणि फ्लोअरवर अठराच माणसं आहेत, हे सरांच्या तोंडावर मोजून दाखवते. त्यांच्या अठरात ते स्वतःलाही धरतात, ते सोडले तर तुझ्यासकट अठरा. मग बघू कोण कुणाला जास्तीचं म्हणतं."

श्रेयसचा घास हातातच राहिला. "नको, ताई. गणती नको."

"का?"

"मी बसतो ना तसाच. चहा नाही मिळाला तरी चालेल. तू कुणाला मोजू नकोस."

"तुझा हा मवाळपणाच नडतो तुला," विनया कडाडली. "मी तुझ्यासाठी भांडतेय, आणि तू मलाच अडवतोस?"

ताटातली पोळी त्याने निमूटपणे संपवली, दोघांची ताटं घासली आणि मागच्या खोलीचा दिवा मालवला.

६

शनिवारी अकराच्या सुमारास, तिसरा डाव सुरू असताना, विनया उठली आणि तिने हात वर केला. दोन्ही खोल्यांतली माणसं मधल्या जागेत योगायोगांच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काही जण हसत होते. नंदकिशोर सर हजेरीपट घेऊन आले. काढून टाकलेले हेडफोन टेबलांवर पडले होते, आणि त्यांच्यातून दूरच्या मोटारींचे हॉर्न बारीक आवाजात वाजत होते.

विनयाने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोठ्याने मोजलं. कीर्ती सात. श्रेयस बारा. टोकाला अठरा झाले, आणि तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. एकोणीस.

तिने पुन्हा मोजलं. एकोणीस. सगळे चेहरे ओळखीचे होते. एकही परका नव्हता, एकही दोनदा मोजला गेला नव्हता.

"नावं वाचा," ती म्हणाली.

नंदकिशोर सरांनी वाचली. अठरा नावं, अठरा जणांनी ओ दिली, विनयानेही दिली. श्रेयसचं नाव आलं नाही.

"आधीच खोडलंत?" तिने पट हिसकावून घेतला. इतका संताप तिला जन्मात आला नव्हता. पण पटावर खाडाखोड नव्हती. एक ते अठरा, निळ्या शाईत, मे, जून, जुलै.

"ताई," श्रेयस म्हणाला. "बस झालं ना आता."

"गप्प उभा राहा. मी परत मोजते."

तिसऱ्यांदा ती ओळीवरून निघाली. खाली माइकवरचा मास्तर कधीतरी थांबला होता. अकराव्या खांद्यावरून तिचा हात बाराव्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. शर्ट ओला होता. घामाने नव्हे, तो गार होता. बाहेर जयपूरचा उकाडा होता आणि तिच्या तळव्याखाली पहाटेच्या दवासारखा गारठा होता. तिने खाली पाहिलं. श्रेयसच्या बुटांना काळा चिखल होता, आणि चिखलाला हिरवं, ताजं गवत चिकटलेलं होतं.

तिने मान वर केली. तो तिच्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता, कंटाळलेला होता, घरी जायला उशीर झालेल्या माणसासारखा.

टेबलांवरच्या सगळ्या हेडफोनांमधले हॉर्न एकदम थांबले. तिसऱ्या डावाचं चौदावं मिनिट होतं.

"बारा," विनया म्हणाली आणि हात पुढच्या खांद्यावर ठेवला.

ती टोकाला पोचली, स्वतःला मोजलं. अठरा.

"अठराच तर आहेत," नंदकिशोर सर म्हणाले. "एवढा तमाशा कशासाठी?"

ओळीत कीर्तीपासून पाचव्या जागी दोघांच्या मधे एका माणसाएवढी मोकळी जागा होती. कुणी सरकून ती भरली नाही.

७

पुढच्या शनिवारी विनया ऑफिसला आली तीच रागात. आठवडाभर राग उतरत नव्हता. सोमवारी ती तरातरा केबिनमध्ये गेली होती, टेबलावर हात आपटला होता, आणि नंदकिशोर सरांनी शांतपणे विचारलं होतं, "मतलब, कशाबद्दल बोलतेस?" तिने तोंड उघडलं. राग घशापर्यंत भरलेला होता, पण तो कशाचा होता, हे काही केल्या सापडेना. ती तशीच बाहेर आली.

त्याच्या आदल्या रविवारी मावशीचा फोन आला होता. पाऊस, गुडघे. "एकटीच जेवतेस का गं?"

"हो," विनया म्हणाली. "आणखी कोण असणार?" आणि तिला मावशीचा इतका संताप आला की तिने फोनच बंद केला. स्वयंपाकघरात आली तर ओट्यावर दोन ताटं मांडलेली होती. तिनेच मांडली असणार. डब्यात पोळ्या होत्या, वेड्यावाकड्या, शिळ्या झालेल्या. तिच्या पोळ्या तर गोल व्हायच्या.

आज फ्लोअरवर येताना तिला पायात काहीतरी अडलं. प्लास्टिकची खुर्ची, तिच्या टेबलाला लागून. "ही इथे कुणी आणून ठेवली?" ती खेकसली. भंवरलालजींनी खांदे उडवले. चहाचे कप अठरा आले, सगळ्यांना पुरले. ते पुरले याचाही तिला राग आला.

ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठी सापडली. एक्केचाळीस नंबर, एक झेल, बाकी शून्य. अक्षर सावकाश, गोल, कुणाचं ते कळेना.

पावणेदहाला सामना सुरू झाला. करडं आकाश, ओलं गवत. एक्केचाळीस नंबर आज पलीकडे नव्हता, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला होता. आणि आज त्याने तोंड वळवलं. तिकडे पाऊस भुरभुरत होता, चेहरा नीट दिसत नव्हता. त्याने डोळ्यांवरून काहीतरी काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत लावलं.

मैदानात चष्मा घालून कोण उतरतं? विनयाला हसू यायला हवं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात आवळलेले होते. तो गडी तिथेच उभा होता, हात बाजूला सोडून, थंडीत, बाही नसलेल्या शर्टात. त्याला कुणी पास देत नव्हतं. त्याच्या बाजूने कुणीच काही बोलत नव्हतं.

"मॅडम," भंवरलालजी मागे येऊन उभे राहिले. "यह कुर्सी ले जाऊँ?"

विनयाने एक हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरला. प्लास्टिक ओलं होतं.

"हात लावाल तर याद राखा," ती म्हणाली.